वृद्धांजवळ माणूस नेमताना

उदगीरच्या ज्या घरांतून मुले नोकरीनिमित्त पुण्यास वा हैदराबादेस गेली आणि मागे केवळ आईवडील उरले, त्या घरांत एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो, तो असा की, वृद्धांजवळ ठेवावयाचा माणूस विश्वासू आहे हे ओळखावे कसे? आईबापांची हेळसांड करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून 30 टक्के रक्कम कापून ती त्या आईबापांच्या खात्यात जमा करण्याचा ठराव आपल्या लातूर जिल्हा परिषदेने 2020 साली केला, तो उचितच होता. परंतु रात्री-अपरात्री उठून पाणी देणारे माणूस ठरावाने मिळत नाही. ते मोलानेच आणावे लागते, आणि त्यात लाज मानण्याचे कारण नाही.

सोयरीक जुळविताना तीन पिढ्यांची चौकशी करणारे आपण लोक, मावशी ठेवताना मात्र शेजाऱ्याच्या एका शब्दावर घराची किल्ली हवाली करतो! आधी काम कोणते ते ठरवावे. आंघोळ घालणे, भरविणे, हात धरून चालविणे हे एक. लघवीची नळी सांभाळणे, शय्याव्रणाची मलमपट्टी करणे हे सर्वस्वी दुसरे, आणि ते महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंद असलेल्या परिचारिकेकडेच सोपवावे. ओळखपत्राची व पोलीस पडताळणीची खातरजमा करावीच; पण आधीच्या घरी जाऊन, 'बाई कशी होती' यापेक्षा 'काम का सुटले' हे विचारावे, म्हणजे उत्तर पुष्कळदा खरे मिळते. माणूस एजन्सीमार्फत येत असेल, तर तुम्ही मोजलेल्या रकमेपैकी त्याच्या हाती किती पडते आणि त्याच्या रजेच्या दिवशी बदली कोण येणार, हेही विचारण्यास संकोचू नये.

आणि ज्याची सेवा व्हावयाची त्याची संमती? ती आपण बहुधा गृहीत धरतो. आपल्या या सीमाभागात आजीची बोली कानडी, उर्दू वा तेलुगूही असू शकते. ती न समजणारी बाई कितीही प्रामाणिक असो, तिच्यापाशी दुखणे सांगणार कसे? पहिल्या महिन्यात आजीला एकांतात विचारावे, न कळविता एखादी फेरी मारावी. आणि स्मृतिभ्रंशामुळे तिला सांगता येत नसेल, तर अंगावरील वळ, घटलेले वजन आणि बँकेचे पासबुक स्वतः पाहावे.

सेवेच्या मोबदल्यात घर वा शेत लिहून देण्याची घाई, मग घेणारा पुतण्या का असेना, मुळीच करू नये. द्यावयाचेच असेल, तर पालनपोषणाची अट दस्तऐवजात स्पष्ट नमूद करावी. कारण ती अट मोडल्यास 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 अन्वये ते हस्तांतरण रद्द ठरविता येते, आणि त्यासाठीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे, म्हणजे उदगीरातच, दाखल करता येतो.