पांढऱ्या पेशी : शरीराचे पहारेकरी
(आर्णी येथील सभेत दिलेल्या भाषणाचा सारांश)



मी कला शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. रक्तावर बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा; पण घरातल्या अनुभवाने मला हा विषय वाचायला लावला.

कापूस वेचताना पायात काटा मोडतो. जागा लाल होते, ठणकते, पू धरतो. हा पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला. सकाळी पाहतो तर फिरत्या पेशींनी काट्याला घेरलेले! अशा पेशी जंतू गिळतात, म्हणून त्या भक्षक पेशी. १९०८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

भक्षक पेशी जंतूला वेढते, आत घेते आणि पाचक रसांनी मारते. काही जंतूंवर मात्र निसटते कवच असते. त्यांना रक्तातील प्रतिद्रव्ये चिकटली की पेशीला पकड मिळते. लस ही प्रतिद्रव्ये आधीच तयार करवून घेते. मेचनिकॉफ यांचेच विद्यार्थी हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली.

आता आपल्या घरचा प्रश्न. १९५८ साली डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी नागपूर भागातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. आपल्या समाजात हा आजार बराच आढळतो. पोटातील प्लीहा ही रक्त गाळणारी चौकी. तिथे भक्षक पेशी ठाण मांडून असतात. विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी तिच्या रक्तवाहिन्या तुंबवतात आणि अनेक मुलांत ती निकामी होते. मग कवचधारी जंतूंना रान मोकळे.

आमच्या घरातल्या अशाच मुलाला ताप आला तेव्हा आम्ही गोळी देऊन दोन दिवस घरीच ठेवले. मूल वाचले, पण थोडक्यात. चूक आमचीच होती.

म्हणून विनंती : सिकलसेलच्या मुलाला ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठा. लसी चुकवू नका. लग्नाआधी रक्त तपासा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक असणे हा कलंक नाही, लपवणे धोक्याचे आहे.