जुन्या बाजारातील रेखांकन व सुतारकामाची पुस्तके



गावच्या शाळेत व ग्रंथालयात सुतारकाम आणि तांत्रिक रेखांकन या विषयांची पुस्तके असावीत, याविषयी दुमत नाही. नव्या पुस्तकांच्या किमती पाहून मात्र हात आखडतो. अशा वेळी मुंबईत हुतात्मा चौक वा किंग्ज सर्कलचा पदपथ आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर धुंडाळावा. त्यात कमीपणा कसला? परीक्षा आटोपल्यावर विद्यार्थी आपली पुस्तके विकतात, तेव्हा गेल्यास निवडीस अधिक वाव मिळतो.

सुतारकामाच्या पुस्तकास वय सहसा बाधत नाही. चार्ल्स हेवर्ड या इंग्रज लेखकाने वर्णिलेले कुसवाचे वा डव्हटेलचे सांधे आजही तसेच कापावे लागतात. मापे इंचांत असतात, एवढेच. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर हे ध्यानात ठेवले की सागावरही काम चालते.

रेखांकनाचे तसे नाही. तेथे प्रकाशनाचे वर्ष आधी पाहावे. भारतीय मानक संस्थेने १९६० मध्ये तृतीय कोन प्रक्षेपाची शिफारस केली होती. पुढे निवड मोकळी ठेवण्यात आली आणि संस्थेच्या जागी आलेल्या भारतीय मानक ब्यूरोने १९८८ च्या ‘एसपी ४६’ मध्ये प्रथम कोन पद्धत सांगितली. प्रथम कोनात वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याखाली काढतात, तृतीय कोनात त्याच्यावर. डावीकडून पाहिलेली बाजू पहिल्यात उजवीकडे येते, दुसऱ्यात डावीकडे. हा भेद न सांगता मुलाच्या हाती पुस्तक दिले, तर डावीकडचे भोक उजवीकडे पडते. कागदावरची चूक खोडता येते. सागाची फळी वाया गेली की पैसा जातो आणि त्या मुलाचा स्वतःच्या हातावरील विश्वासही. तरीही जुने पुस्तक नाकारू नये. त्याच्या पहिल्या पानावर पद्धतीचे नाव ठळक लिहून ठेवावे.

एन. डी. भट्ट यांच्या ‘इंजिनिअरिंग ड्रॉइंग’च्या अनेक आवृत्त्या निघाल्या आहेत, विकत घेताना आवृत्तीचे साल पाहावे. घडीचे तक्ते कुणी कापून नेलेले नाहीत ना, हेही तपासावे. कसर लागलेले पुस्तक फुकट मिळाले तरी कपाटात आणू नये. पूर्वीच्या विद्यार्थ्याने समासात पेन्सिलीने केलेली टिपणे मात्र खोडू नयेत. पुष्कळदा तीच अधिक उपयोगी पडतात.

शक्य तर गावातील जाणत्या सुतारास सोबत न्यावे. इंग्रजी येत नसले तरी आकृतीतला सांधा प्रत्यक्षात बसेल की नाही, हे तो चटकन सांगेल. त्याच्या प्रवासखर्चाची व बुडालेल्या रोजाची तरतूद ग्रंथालय समितीने आधीच करून ठेवावी.