विदागाराची बांधणी आणि शाळेचे दप्तर

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला दिलेला विषय प्रथमदर्शनी आपल्या व्यवसायाबाहेरचा वाटेल. संगणकातील संबंधात्मक विदागार आणि त्याची रचना, ज्या रचनेस त्या शास्त्रात ‘स्कीमा’ म्हणतात, हा तो विषय होय. परंतु जो शिक्षक वर्षानुवर्षे नोंदवह्या आखीत आणि भरीत आला आहे, त्याला हा विषय परका नाही, अशी माझी समजूत आहे.

प्रारंभी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. मी शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. वर्गातील एका मुलीचे नाव सर्वसाधारण नोंदवहीत एक होते. हजेरीपत्रकात मी तिचे घरातले नाव लिहिले, आणि शिष्यवृत्तीच्या यादीत माझ्याकडून तिचे आडनावच निराळे गेले. जन्मतारीखही दोन ठिकाणी दोन प्रकारची पडली. पडताळणीत यादी परत आली, दुरुस्तीची मुदत टळली, आणि त्या वर्षीची शिष्यवृत्ती तिला मिळाली नाही. पुढल्या जूनमध्ये ती शाळेत आली नाही. शिष्यवृत्ती मिळाली असती तर ती आली असती, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण आली नसती, असेही म्हणू शकत नाही. एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिली, की आज ना उद्या तिच्या तीन गोष्टी होतात, हा धडा मात्र मला तेव्हा मिळाला.

हेच तत्त्व शास्त्राच्या पायावर उभे करण्याचे श्रेय एडगर कॉड यांच्याकडे जाते. इंग्लंडमध्ये जन्मलेले कॉड अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत. १९७० साली त्यांनी आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. तोपर्यंतच्या विदागारांत माहिती कोणत्या वाटेने आणि कोणत्या क्रमाने साठविली आहे, हे ठाऊक असल्यावाचून ती काढणे कठीण असे. कॉड यांनी प्रतिपादिले, की माहिती साध्या तक्त्यांत मांडावी आणि तक्त्यांमधील नाते त्यांतील मजकुरावरूनच जुळावे. १९७४ साली त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली. कॉड यांना १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता स्कीमा म्हणजे काय? कोऱ्या वहीत पहिले नाव लिहिण्यापूर्वी आपण रेघा मारतो आणि रकान्यांना मथळे देतो. कोणते तक्ते असावेत, त्यांत कोणते रकाने असावेत, कोणत्या रकान्यात कशा प्रकारचा मजकूर चालेल आणि एका तक्त्याचे दुसऱ्याशी नाते काय, हे सारे आधी ठरविणे म्हणजे स्कीमा तयार करणे होय.

त्याची पहिली पायरी वस्तू ओळखण्याची. शाळेच्या दप्तरात विद्यार्थी, शाळा, प्रवेश आणि हजेरी या चार निरनिराळ्या वस्तू आहेत. म्हणून तक्तेही चार. नियम असा, की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. मुलाचे नाव व जन्मतारीख ‘विद्यार्थी’ तक्त्यात एकदाच यावी. हजेरीच्या तक्त्यात नाव पुन्हा लिहू नये; तेथे केवळ त्याची खूण असावी.

ही खूण म्हणजे दुसरी पायरी. तिला प्राथमिक किल्ली म्हणतात. नाव ही किल्ली होऊ शकत नाही, कारण एकाच वर्गात एका नावाची दोन मुले बसतात. आपल्या नोंदवहीतील रजिस्टर क्रमांक ही त्या शाळेपुरती किल्लीच आहे. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक ही देशभरातील शाळांची किल्ली आहे. एका तक्त्याची किल्ली दुसऱ्या तक्त्यात ठेवली, की ती तेथे परकी किल्ली होते. मग ‘विद्यार्थी’ तक्त्यात जो मुलगा नाही त्याची हजेरी मांडू गेल्यास विदागार स्वतःच ती नाकारते.

तिसरी पायरी बंधनांची. रकाना तारखेचा ठरविला, तर ३१ जून ही तारीख त्यात शिरत नाही. रकाना रिकामा चालणार नाही, असेही सांगता येते. परंतु येथे तारतम्य हवे. आपल्या वडीलधाऱ्या पिढीत कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो. आयांनी ठरवून त्या दिवशी मुले जन्माला घातली नव्हती! रकाना भरणे भाग होते आणि खरी तारीख कोणास ठाऊक नव्हती, म्हणून गुरुजींनी ती लिहिली. जे कळणे शक्य नाही ते सक्तीचे केले, तर रचनाच माणसाला खोटे लिहावयास लावते.

चौथी पायरी प्रत्यक्ष निर्मितीची. ‘क्रिएट टेबल’ या आज्ञेने तक्ता तयार होतो. क्रम मात्र पाळावा लागतो. ‘शाळा’ व ‘विद्यार्थी’ हे तक्ते आधी, ‘प्रवेश’ व ‘हजेरी’ मागाहून. कारण ज्याच्याकडे बोट दाखवावयाचे तो आधी अस्तित्वात असला पाहिजे. पोस्टग्रेसक्यूएलसारख्या प्रणालीत ‘क्रिएट स्कीमा’ अशीही एक आज्ञा आहे. तेथे या शब्दाचा अर्थ थोडा निराळा, म्हणजे एकाच विदागारातील नाव दिलेला कप्पा, असा होतो. पोषण आहाराच्या कप्प्यात ‘नोंद’ नावाचा तक्ता असला, तरी आरोग्याच्या कप्प्यात त्याच नावाचा दुसरा तक्ता असू शकतो. शिवाय प्रत्येक कप्प्याचे अधिकार वेगळे देता येतात. धान्याचा हिशेब ठेवणाराला मुलांची संख्या कळावी, त्यांचे आजार कळण्याचे कारण नाही.

आता ज्यासाठी हे सारे सांगितले, त्याकडे वळतो. समजा, ‘विद्यार्थी’ तक्त्यातच ‘शाळा’ हा एक रकाना ठेवला. त्याचा अर्थ असा झाला, की एका मुलाला एका वेळी एकच शाळा, आणि मागचे सारे पुसलेले. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे मूल हंगामात कारखान्याजवळच्या शाळेत बसले, की त्याचे येथील नाव कमी करावे लागते, नाहीतर तेथे घालता येत नाही. हंगाम संपवून ते परतते तेव्हा त्याची आधीची वाटचाल दप्तराला ठाऊक नसते. याउलट ‘प्रवेश’ हा स्वतंत्र तक्ता करून त्यात विद्यार्थ्याची किल्ली, शाळेची किल्ली, दाखल झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख एवढे चार रकाने ठेवले, तर एका मुलाच्या नावे हव्या तितक्या ओळी येतात. मूल एकच राहते. त्याचा प्रवास तेवढा वाढतो. आणि एक ओळ बंद झाली असून दुसरी उघडली नाही, अशी मुले कोणती, हे एका प्रश्नात कळते. त्या मुलांच्याच घरी आपल्याला जावयाचे असते.

ज्याला रकाना नाही ते दप्तराला दिसत नाही, आणि जे दप्तराला दिसत नाही त्याची काळजी कोणी घेत नाही. म्हणून माझी विनंती एवढीच: नवा तक्ता आखाल तेव्हा आधी वस्तू ओळखा, किल्ली ठरवा, एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहा. दुरुस्ती करावयाची ती प्रथम मूळ नोंदीत रीतसर करा. आणि वरून आलेल्या तक्त्यात आपल्या एखाद्या मुलाची खरी स्थिती मावत नसेल, तर ती कोंबून बसवू नका. रकाना अपुरा आहे, असे आम्हांला लेखी कळवा. तक्ता मुलासाठी आहे, मूल तक्त्यासाठी नाही.