तीच पुस्तकं, तेच शिक्षक

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांत चिनी वंशाची सुमारे १,८०० मुलं अशी होती, की वर्गात काय चाललंय हे त्यांना कळतच नव्हतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि ते शिकवण्याची वेगळी सोयही नव्हती. शाळा चालवणाऱ्यांचं म्हणणं असं, की सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक. मग भेदभाव कुठे झाला?

खालच्या दोन्ही न्यायालयांत ही मुलं हरली. १९७४मध्ये मात्र 'लाऊ विरुद्ध निकोल्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने कौल दिला. भाषाच कळत नसेल तर तेच पुस्तक हाती देणं म्हणजे समान वागणूक नव्हे, असं न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांच्या निकालपत्राने बजावलं. आधार होता १९६४चा नागरी हक्क कायदा.

उपाय कोणता, हे न्यायालयाने ठरवून दिलं नाही. मुलाच्या भाषेतून सुरुवात करावी, की थेट इंग्रजीतून? कॅलिफोर्नियाने १९९८मध्ये मतदान घेऊन द्विभाषिक वर्गांवर कडक बंधनं घातली आणि २०१६मध्ये मतदानानेच ती उठवली. मला हा दुसरा कौल शहाणपणाचा वाटतो. घरची भाषा दाराबाहेर ठेवायला लावली, की मूल गप्प होतं. आणि गप्प मुलाला इंग्रजी तरी कसं शिकवणार?

आज तिथे शाळेत नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता, हे विचारतात. मराठी घरांतली मुलंही त्यात आली. इंग्रजी कच्चं असेल तर त्यांना जादा मदत मिळते, तीही हक्क म्हणून.