शिपाई नामदेव जाधव



मारुंजीच्या या मेळाव्यात मी शेतीवाडीच्या मुलखातून फौजेत गेलेल्या एका शिपायाविषयी बोलणार आहे. वर्गात मी वर्षानुवर्षे इटलीचा नकाशा काढला. पण तेथील सेनिओ नदीवर आपल्या नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव लढले, हे मुलांना एकदाही सांगितले नाही. ती चूक आज कबूल करतो.

नामदेवरावांचा जन्म १९२१ चा. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत ते कंपनीचे निरोप्ये होते. दिनांक ९ एप्रिल १९४५. बांध म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको; परंतु तेथील पूरबांध तीस फुटांपर्यंत उंच, आणि त्यावर जर्मनांच्या मशीनगनी! बरोबरचे बहुतेक पडले. कंपनीचे अधिकारी व दोन शिपाई घायाळ झाले. नामदेवरावांनी दोघा जखमींस दोन खेपांत, खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे पोहोचविले. मग परतून तीन ठाणी बंद पाडली. हातास जखम झाली तेव्हा बंदूक टाकून हातबॉम्ब घेतले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लोक ठाणी मोजतात. मला त्या दोन खेपा अधिक थोर वाटतात.

ते १९८४ साली निवर्तले. त्यांना विचारणे राहून गेले. आपल्या घरी जे जुने फौजी आहेत, त्यांची हकीकत पुढील स्मरणिकेसाठी उतरवून घ्या. लिहिणारा नसेल, तर मी येईन.