संगणकाचे आभासी मेज आणि आभासी आज्ञावली : एक विचार

(वार्षिक संमेलनातील भाषण)





तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आमचा विषय मांडतो. धम्म, शिक्षण, आरक्षण, साहित्य या विषयांवर आपल्या संमेलनांत नेहमीच साधकबाधक चर्चा होते. आम्ही निवडलेला विषय त्यामानाने कोरडा वाटेल. मोठी कार्यालये, बँका आणि रुग्णालये यांत संगणकाचे मेज, म्हणजे ज्याला आपण डेस्कटॉप म्हणतो ते, आणि त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या, ही दोन्ही प्रत्यक्ष यंत्रापासून वेगळी काढून दूरच्या केंद्रातून माणसापर्यंत पोचविण्याची पद्धत या देशात रूढ झाली आहे. तिच्याविषयी आम्ही बोलणार आहोत. आम्ही पेशाने डॉक्टर आहोत, अभियंते नव्हे. परंतु आपल्या समाजातील अनेक तरुण या देशात याच क्षेत्रात नोकरी करीत आहेत, आणि त्यांनी उभारलेल्या व्यवस्थेवर विसंबून आमच्यासारखे लोक दिवसभर रुग्ण तपासतात. तेव्हा उभारणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने एकमेकांशी बोलणे आवश्यक आहे.

मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांचा रथाचा संवाद आपणां सर्वांस परिचित आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे. हे सारे भाग एकत्र आले असता त्यांस व्यवहारात रथ हे नाव मिळते. संगणकाचेही असेच आहे. टेबलावरच्या ज्या डब्यास आपण 'माझा संगणक' म्हणतो त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात : विंडोजसारखी मूळ कार्यप्रणाली, तिच्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या, त्या व्यक्तीने आपल्या सोयीप्रमाणे केलेली मांडणी, आणि साठविलेली माहिती. घरच्या यंत्रात या चारही गोष्टी एकाच डब्यात खिळलेल्या असतात. डबा बिघडला की चारही जातात. आभासीकरण, म्हणजे व्हर्च्युअलायझेशन, याचा साधा अर्थ हे खिळे काढणे आणि गरजेच्या क्षणी भाग पुन्हा जुळविणे.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील शास्त्रीय केंद्रात १९६०च्या दशकातच एका मोठ्या संगणकात अनेक आभासी संगणक चालविण्याचे प्रयोग झाले, आणि १९७२ मध्ये तीच विद्या व्हीएम ३७० या नावाने बाजारात आली. १९८९ मध्ये सिट्रिक्स ही कंपनी स्थापन झाली. एका सर्व्हरवर अनेक माणसांनी एकाच वेळी काम करावे, हे तिचे उद्दिष्ट. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात व्हीएमवेअर स्थापन झाली आणि आभासी संगणक साध्या यंत्रांवरही चालू लागले.

यातून दोन वाटा निघाल्या. पहिली आभासी मेजाची. यात प्रत्येक कर्मचाऱ्याचा संपूर्ण संगणक केंद्रातील सर्व्हरवर चालतो. त्याच्या समोरच्या यंत्रावर केवळ पडद्याचे चित्र येते, आणि कळफलकाचे व माऊसचे संकेत उलट जातात. दुसरी वाट आभासी आज्ञावलीची. तिचेही दोन प्रकार आहेत. एकात आज्ञावली सर्व्हरवर चालते आणि तिची खिडकी तेवढी आपल्या पडद्यावर दिसते. दुसऱ्यात आज्ञावली बंद डब्यातील शिदोरीप्रमाणे येते. ती आपल्याच यंत्रावर चालते, परंतु यंत्रात रुजत नाही, आणि शेजारच्या आज्ञावलीशी तिचे भांडण होत नाही. बॉस्टनच्या सॉफ्ट्रिसिटी कंपनीने हा प्रकार विकसित केला होता. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली.

आता मुख्य प्रश्न असा की दोन्ही वाटा एकत्र का आणाव्यात?

समजा, एखाद्या रुग्णालयाने केवळ आभासी मेजाची वाट धरली. औषधालयाचे मेज वेगळे, क्ष-किरण विभागाचे वेगळे, हिशेब खात्याचे वेगळे, प्रसूती विभागाचे वेगळे. प्रत्येकात त्या त्या आज्ञावल्या पक्क्या बसविलेल्या. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते. मेजाचे बारा नमुने असतील तर एकच दुरुस्ती बारा ठिकाणी करून बारा वेळा तपासावी लागते. उलटपक्षी, आज्ञावल्या तेवढ्या दुरून पुरविल्या आणि मेज प्रत्येक यंत्रावर तसेच राहू दिले, तर शेकडो यंत्रे सांभाळण्याचे ओझे कायम राहते, आणि डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर गेला की त्याची मांडणी पहिल्या मजल्यावर राहते.

दोन्ही एकत्र केल्यास मेज एकच राहते, कोरे आणि स्वच्छ. माणूस ओळखपत्र टेकवून आत आला की त्याच्या कामानुसार त्या मेजावर आज्ञावल्या मांडल्या जातात : परिचारिकेस औषधांची नोंद, क्ष-किरण तज्ज्ञास चित्रे, हिशेबनीसास देयके. त्याची स्वतःची मांडणी त्याच्यामागून येते. माणूस बाहेर पडला की ते मेज पुसून पुन्हा कोरे होते. दुरुस्ती मेजाची असेल तर ती एकदाच होते, आज्ञावलीची असेल तर तीही एकदाच. २०१३ मध्ये सिट्रिक्सने आणि २०१४ मध्ये व्हीएमवेअरने ही दोन्ही कामे एकाच संचात आणली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या मेघसेवेतून दोन्ही देऊ केली.

या देशातील रुग्णालये हे या विद्येचे बोलके उदाहरण आहे. १९६६-६७ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत मम्प्स ही संगणक-भाषा जन्मास आली. एका संगणकावर अनेक जणांनी एकाच वेळी रुग्णांच्या नोंदी पाहाव्यात, हा तिचा हेतू होता. विस्कॉन्सिनमधील एपिक कंपनीची नोंद-प्रणाली त्याच भाषेच्या परंपरेतील आहे. २००९च्या हायटेक कायद्याने सरकारने संगणकीय नोंदींसाठी मोठे अर्थसाहाय्य दिले. २००८ मध्ये सुमारे ९ टक्के रुग्णालयांत किमान स्वरूपाची संगणकीय नोंद-प्रणाली होती. २०१५ मध्ये हे प्रमाण सुमारे ८४ टक्क्यांवर गेले. इतकी अवजड आज्ञावली प्रत्येक खोलीतील यंत्रावर स्वतंत्रपणे बसविणे व्यवहार्य नव्हते. म्हणून अनेक रुग्णालयांनी ती सिट्रिक्ससारख्या व्यवस्थेतून दिली.

डॉक्टर म्हणून आम्हांस याचा लाभ रोज दिसतो. अतिदक्षता विभागात अर्धवट लिहिलेली नोंद बाह्यरुग्ण विभागातील यंत्रावर त्याच ओळीवर उघडते. यंत्र चोरीस गेले तरी रुग्णाची माहिती त्याबरोबर जात नाही, कारण ती त्यात नसतेच. लहान गावातील दवाखान्याच्या जुन्या यंत्रावरही मोठ्या रुग्णालयाचीच आज्ञावली त्याच स्वरूपात दिसते. ही शेवटची गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. ज्याच्याजवळ भारी यंत्र नाही त्यालाही तेच साधन मिळावे, हा विचार आपल्या चळवळीस परका नाही.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सकाळी सातला पाळी बदलते तेव्हा सारेजण एकदम आत येऊ पाहतात आणि सर्व्हर धापा टाकू लागतो. क्ष-किरण तज्ज्ञास अतिसूक्ष्म चित्र विनाविलंब हवे असते. साधे आभासी मेज त्यास पुरत नाही. बोलून नोंद करताना आवाज दूर जाऊन परत येण्यास वेळ लागला की शब्द गळतात. मेज माणसाबरोबर फिरते, परंतु प्रिंटर जागचा हलत नाही. मांडणी नीट केली नसेल तर चौथ्या मजल्यावरच्या रुग्णाचा कागद दुसऱ्या मजल्यावर छापला जातो. या अडचणी कौशल्याने दूर होतात. त्यांहून मोठी अशी एक अडचण आहे, ती म्हणजे केंद्रीकरण.

सर्वांची मेजे एका जागी आली की सर्वांचे थांबणेही एका जागी येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिट्रिक्सच्या प्रवेशद्वार-यंत्रणेतील एक गंभीर दोष उघड झाला. त्यातून कोणाचेही चालू सत्र चोरून, पासवर्ड न देता आत शिरता येत होते. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने रुग्णालयांना तातडीने दुरुस्ती करण्याचा इशारा दिला. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीची एक सदोष सुधारणा जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. बॉस्टनच्या मास जनरल ब्रिगॅम या रुग्णालय-समूहास त्या दिवशीच्या तातडीच्या नसलेल्या सर्व भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ही दुर्घटना आभासी मेजामुळे घडली असे नव्हे. परंतु एका केंद्रातून सर्वत्र जाणारी गोष्ट बिघडली तर बिघाडही सर्वत्र जातो, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. यास्तव जी संस्था ही व्यवस्था स्वीकारते तिने कागदी पद्धतीचा सराव सोडता कामा नये. १९९६च्या हिपा कायद्याखालील सुरक्षा-नियमांनुसार आणीबाणीत माहिती मिळविण्याची पद्धत आणि यंत्रणा बंद पडल्यास काम चालविण्याची योजना बंधनकारक आहे. कपाटात बंद राहिलेली योजना रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेस ती पाठ असावी लागते.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. एकत्र केलेल्या व्यवस्थेत कोणास कोणती आज्ञावली दिसावी याची एक यादी असते. त्या यादीत नाव नसेल तर समोर यंत्र असून, वीज असून, जाळे असून उपयोग नाही. येथे आम्हांस महाडची आठवण होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरेपर्यंत आपल्या माणसाचा हात त्या पाण्यास लागला नव्हता, आणि न्यायालयाचा अंतिम निकाल येण्यास १९३७ साल उजाडले. ठराव असणे आणि पाणी मिळणे यांत किती अंतर असते, हे आपल्याइतके कोण जाणतो? संगणकातील यादी अस्पृश्यतेइतकी क्रूर नाही, आणि दोहोंची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु रात्री काम करणाऱ्या साहाय्यकास, कंत्राटी कामगारास, नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेस त्या यादीतून सहजी वगळले जाते, आणि तंत्राची अडचण म्हणून ते खपून जाते. यादी कोण करतो, तिच्याविरुद्ध दाद कोठे मागायची, आणि दाद किती तासांत मिळते, हे प्रश्न तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही.

तिसरा प्रश्न मालकीचा. २०२२ मध्ये सिट्रिक्स खासगी गुंतवणूकदारांच्या हाती गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढल्याच महिन्यात कायमचे परवाने विकणे बंद करून केवळ वर्गणीची पद्धत ठेवली. आभासी मेजाचा विभाग २०२४ मध्ये वेगळा होऊन ऑम्निसा या नावाने दुसऱ्या मालकाकडे गेला. ज्या संस्थांनी आपले सारे काम या मेजांवर मांडले होते, त्यांना या बदलांत मत नव्हते. भाड्याच्या मेजावर बसणाऱ्याने आपली कागदपत्रे वेळेवर उचलून नेता येतील अशी तजवीज ठेवावी, हा यातील धडा होय.

शेवटी आपल्या संस्थांविषयी दोन शब्द. मायदेशातील अभ्यासिका, वसतिगृहे आणि वाचनालये यांना संगणक द्यावेत, असा विचार आपल्यात नेहमी होतो. आमची विनंती अशी की, नवी यंत्रे पाठविण्यापूर्वी जुन्या यंत्रांचा विचार व्हावा. एका बऱ्या सर्व्हरवर दहा-पंधरा जुनी यंत्रे चालविता येतात. यासाठी १९९९ मध्ये सुरू झालेला लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे. परवान्याचे पैसे पडत नाहीत. मात्र तो सर्व्हर त्याच इमारतीत असावा, अमेरिकेत नव्हे. जाळे तुटले म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याचा पडदा काळा होऊ नये. जे काम साध्या ब्राउझरमध्ये होते त्यासाठी हा खटाटोप करू नये. माहितीची एक प्रत वेगळ्या जागी राहावी. आणि व्यवस्थापकाची किल्ली येथील एखाद्या दात्याकडे न राहता तेथीलच दोन तरुणांना, त्यांत एक मुलगी असावी, ती विद्या शिकवून त्यांच्या हाती द्यावी. येथील अभियंत्यांनी वर्षातील काही शनिवार-रविवार या शिक्षणासाठी दिले, तर त्यांच्या ज्ञानाचा याहून चांगला विनियोग आम्हांस दिसत नाही.

मेज दूर असावे की जवळ, आज्ञावली डब्यात असावी की सर्व्हरवर, हे प्रश्न तंत्राचे आहेत आणि त्यांची उत्तरे दर पाच वर्षांनी बदलतील. परंतु त्या मेजावर बसण्याचा हक्क कोणास आहे आणि ते बंद पडले तर समोरच्या माणसाचे काय, हे प्रश्न बदलणार नाहीत. आपल्यातील तरुणांनी ते आपल्या कार्यालयातील बैठकीत मोकळेपणाने विचारावेत, एवढी अपेक्षा व्यक्त करून आम्ही आमचे भाषण संपवितो.

जय भीम! जय भारत!