भोरडीचा हिशेब
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावाची चर्चा आत्ताच संपली. आता पाखरांवर बोलतो म्हटले तर मागे बसलेले हसतील. हसा. पण हाही विषय हिशेबाचाच आहे, तेव्हा ऐकून घ्या.

आम्ही काही कार्यकर्ते फाल्गुनात कामासाठी मुंबईला गेलो होतो. मुक्काम पवईला, आपल्याच भागातल्या एका पोराच्या खोलीवर. पहाटे उठायची सवय, म्हणून उजाडताच तलावाकडे निघालो. हा तलाव इंग्रजांनी १८९१ च्या सुमारास मुंबईच्या पाण्यासाठी बांध घालून केला. पाणी पिण्याजोगे ठरले नाही, पण तलाव राहिला. आज काठाला टोलेजंग इमारती, पाण्यावर जलपर्णी आणि पाण्यात मगरी.

बांधावर दहा-बारा माणसे उभी. गळ्यात दुर्बीण, हातात वही. त्यात पेन्शनर होते, कॉलेजची पोरे होती. कमळपक्षी पानांवरून चालत होता, जांभळ्या पाणकोंबड्या जलपर्णीत चरत होत्या, वर दलदल ससाणा घिरट्या घालत होता. काठाने धोबी शेपटी हलवत फिरत होता. ससाणा आणि धोबी हे थंडीचे पाहुणे, परतीच्या वाटेवरचे. कोणता पक्षी, किती, किती वाजता, सगळे वहीत उतरत होते.

तेवढ्यात एक पोरगा ओरडला आणि सगळ्या दुर्बिणी फुललेल्या सावरीकडे वळल्या. आम्हीही पाहिले. काळे डोके, काळे पंख, अंग गुलाबी. पुस्तकातले नाव पळसमैना. अहो, ही तर आपली भोरडी!

आमच्यातला ज्वारीवाला म्हणाला, "हिच्यासाठी आम्ही माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतो, आणि तुम्ही हिच्या दर्शनाला पहाटे उठता!" ते हसले, आम्हीही हसलो. मग चहा झाला आणि खरे बोलणे झाले.

भोरडी इथली नव्हे. तिची वीण मध्य आशियातल्या गवताळ मुलखात, कझाकस्तानच्या बाजूला, मे-जूनमध्ये होते. पावसाळा सरता सरता तिचे थवे आपल्याकडे उतरतात. कणसात दूध भरले की ज्वारीवर पडतात. ज्वारी निघाली की पळस, पांगारा, सावर यांच्या फुलांतला रस पितात आणि एप्रिलपर्यंत परत जातात. म्हणजे मुंबईकरांना ती फुलांवर दिसते आणि आपल्याला कणसांवर. पाखरू एकच, पण एकाच्या वहीत ती आनंद म्हणून लिहिली जाते आणि दुसऱ्याच्या घरात तूट म्हणून. दुसऱ्याकडे मात्र वही नाही!

आता जमेची बाजूही पाहू, नाहीतर हिशेब खोटा होईल. भोरडी टोळ आणि नाकतोडे फार खाते. चीनच्या शिनजियांग प्रांतात १९८० च्या दशकापासून तिने घरटी करावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचले, विटांची घरटी बांधली. हेतू हा की टोळ तिने खावेत आणि औषध कमी मारावे लागावे. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनीही तिच्या दोन्ही बाजू लिहून ठेवल्या आहेत, ज्वारीची नासाडी आणि टोळांचा फडशा.

पाखरे आणि औषध यांचा संबंध कापूसवाल्यांनी नीट ऐकावा. १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनात नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारले. उत्तर अमेरिकेतून थंडीसाठी आलेले ससाणे तेच नाकतोडे खाऊन हजारोंनी मेले. हे औषध आपल्याला परके नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने आपलीच माणसे, शेतकरी आणि शेतमजूर, दगावली. ज्या विषाने पाखरू मरते त्याने पंप पाठीवर घेणाराही मरतो. म्हणून भोरडीचा राग आला तरी दाण्याला विष चोळून टाकू नका. ते विष उद्या तुमच्या कोंबडीच्या आणि लेकराच्या तोंडात जाईल.

मग ज्वारीवाल्याने नुसते सोसायचे का? मुळीच नाही. पाखरू देशाला हवे असेल तर त्याच्या चाऱ्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी का? राखणीला कोण उभे राहते? घरची म्हातारी, नाहीतर शाळा बुडवून पोर. ती मजुरी ज्वारीच्या उत्पादनखर्चात पुरती धरली पाहिजे, ही आमची मागणी आहे. पण नुसते "फार खाल्ले हो" म्हणून कोणी ऐकत नाही. किती खाल्ले ते सांगावे लागते.

पवईचेच पाहा. मुंबई महानगरपालिकेने तलावाच्या काठाने सायकलचा रस्ता बांधायला घेतला. नागरिक हायकोर्टात गेले. ६ मे २०२२ रोजी कोर्टाने ते काम बेकायदा ठरवले आणि बांधलेले काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. पाखरू काही वकील लावत नाही. त्याच्या बाजूने बोलणारी, कागद घेऊन उभी राहणारी माणसे होती. आपल्या ज्वारीच्या बाजूने कागद घेऊन कोण उभे राहणार?

तेव्हा या हंगामापासून एवढे करू. प्रत्येक गावात एक वही घाला. भोरडी कोणत्या तारखेला आली, कोणत्या शिवारात उतरली, किती दिवस राहिली, राखणीला किती माणसे लागली ते लिहा. दाणा भरू लागला की वावराच्या कडेची पाच आणि मधली पाच, अशी दहा कणसे पातळ फडक्यात सैल बांधा. त्यांच्याच शेजारची, तेवढ्याच आकाराची दहा उघडी ठेवून त्यांना खूण करा. काढणीला दोन्हींचे दाणे वेगळे वाळवून तोला. बांधलेले एक किलो आणि उघडे पाऊण किलो भरले, तर त्या वावरात चार आण्यांचा घास पाखरांनी घेतला. हे काम आपल्या बाया फार नीट करतील. वही शाळेतल्या पोराने लिहावी.

आणखी एक. नाकतोडे कोणत्या वावरात भोरडीने वेचले तेही लिहा. लपवू नका. दोन्ही बाजू लिहिणाऱ्याचाच हिशेब खरा मानतात.

शिमग्यानंतरच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपली वही आणावी. भोरडी तोवर पळसावर असेल, जायच्या तयारीत. तिला जाऊ द्या. आपण मात्र आकडे घेऊन बसू.